अकोला ते ऑस्लो, व्हाया भावनगर



यावेळच्या सदराची सुरुवात एका कबुलीने करतो.

गेल्या गणेशोत्सवात आपल्या बालचित्रकला स्पर्धेचं परीक्षण मी केलं होतं. चित्रकलेतलं मला फार कळतं असं नाही. ठरलेले परीक्षक ऐनवेळी येऊ शकले नाहीत आणि मी लॅपटॉप उघडून समोरच बसलो होतो, एवढीच माझी पात्रता. गुण मांडायची एक्सेल शीटही मीच बनवली होती. विषयाला ४० गुण, रंगसंगतीला ३०, नीटनेटकेपणाला ३०. बेरीज आपोआप, क्रमांकही आपोआप. सॉफ्टवेअरवाल्याकडे काम सोपवलं की ते असंच होणार.

लहान गटाचा विषय होता ‘माझा आवडता सण’. टेबलावर दिव्यांच्या रांगा होत्या, गुढ्या होत्या, पतंग होते (सुरतेत वाढणारं पोर उत्तरायण कसं विसरेल?) आणि गणपती तर मोजायलाच नकोत. त्यांत एक कागद असा होता की त्यावर यांतलं काहीच नव्हतं. तपकिरी, निळे आणि मातकट पिवळे पट्टे एकमेकांत गुंतत कागदभर पसरले होते. पांढरी जागा म्हणून उरली नव्हती. चित्र काढणारी मुलगी दुसरीतली.

मी विचारलं, “बेटा, हे काय आहे?”

ती म्हणाली, “रंग.”

“हो, पण कशाचं चित्र आहे?”

तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

विषयाच्या रकान्यात मी शून्य भरलं. बाकीचे गुण तिला बरे मिळाले होते, पण ४० गुण गेल्यावर सूत्राने तिला यादीच्या तळाशी नेऊन ठेवलं. मी पुढचा कागद उचलला.

यंदाची नावनोंदणी गेल्या आठवड्यात सुरू झाली. यादी माझ्याकडेच असते. तिचं नाव दिसलं नाही म्हणून तिच्या आईला सहज विचारलं. त्या हसून म्हणाल्या, “ती म्हणते, मला चित्र काढता येत नाही.”

हे वाक्य माझ्या घशात अडकलं, कारण मधल्या काळात मला अंबादास भेटले होते. प्रत्यक्ष नव्हे. ते २०१२ साली गेले. भेटले ते समुद्रात, फोनच्या स्क्रीनवर.

झालं असं, की हिवाळ्यात ऑफिसातल्या मित्राच्या लग्नाला भावनगरला गेलो होतो. आपल्या हजीऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-रो फेरी २०२० सालच्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि भावनगर एकदम शेजारी आलं. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालून जायचं तर ३७० किलोमीटर, पाण्यातून ९०. गाडी बोटीच्या पोटात लावायची आणि वर येऊन चहा घेत बसायचं. तोवर मी भावनगरला तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा तिथून गाठिया घेऊन परतलो होतो. या शहराबद्दल माझं ज्ञान गाठियापाशी सुरू होऊन गाठियापाशीच संपत होतं. परतीच्या बोटीत वेळ होता, थोडी रेंजही होती, म्हणून भावनगरबद्दल वाचत बसलो. वाचता वाचता एक आकडा समोर आला : १८९०.

वाटलं, साल असेल. पण तो होता घराचा नंबर.

१९६२ सालच्या ऑगस्ट महिन्यात भावनगरला जयंत पंड्या यांच्या घरी काही चित्रकार आणि शिल्पकार जमले. सगळे आपापल्या वाटेने धडपडणारे. आपण एकत्र येऊन काही करायचं, असं तिथे ठरलं. मग गटाला नाव काय द्यायचं? नवे, क्रांतिकारी, प्रगतिशील असली विशेषणं त्यांना नको होती. त्यांनी ज्या घरात बसले होते त्या घराचा नंबरच उचलला. ‘ग्रुप १८९०’. ज्या नावाला काही अर्थच नाही ते नाव कुणाला बांधून ठेवत नाही.

गटात बाराजण होते. जगदीश स्वामिनाथन हे त्यांतले बोलके, लिहिते. पुढे भोपाळच्या भारत भवनाचं कलासंग्रहालय त्यांनीच उभं केलं. ज्योती भट्ट मूळचे भावनगरचेच. गुलाममोहम्मद शेख तेव्हा जेमतेम पंचविशीचे. हिंमत शाह, जेराम पटेल, राघव कनेरिया, बाळकृष्ण पटेल अशी गुजरातची बरीच मंडळी. मद्रासचे रेड्डप्पा नायडू, शिवाय राजेश मेहरा, एरिक बोवेन, एस. जी. निकम. आणि यादीत एक नाव नुसतंच : अंबादास. मागे आडनाव नाही. जन्म अकोला, १९२२.

मराठी माणूस दिसला की आपण सरसावून बसतो. मीही बसलो.

अकोला म्हणजे काळी माती, कापूस आणि मे महिन्यात अंग भाजून काढणारं ऊन. त्या गावातला हा मुलगा काही काळ अहमदाबादला रविशंकर रावळांकडे चित्रकला शिकला. (गुजरात ज्यांना कलागुरू म्हणतो तेच हे रावळ.) पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्याने १९५२ साली पदविका घेतली. पूर्ण नाव अंबादास खोब्रागडे, पण चित्रकार म्हणून ते अंबादास एवढ्याच नावाने ओळखले गेले. आपल्याकडे आडनाव ऐकलं की गाव कोणतं, कोणाचे कोण, कोणत्या जातीचे, असा हिशोब मनात सुरू होतोच. परप्रांतात राहून आपली ही सवय कमी होत नाही, उलट वाढते. नुसत्या नावापाशी मात्र तो हिशोब अडतो आणि निमूटपणे समोरचं चित्र पाहावं लागतं.

पोटासाठी अंबादासांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. ही केंद्रं १९५०च्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने निघाली. हातमागाच्या विणकरांना नव्या नक्ष्या मिळाव्यात म्हणून सरकारने तिथे चित्रकार नेमले. कल्पना करा, सकाळी ऑफिसात जाऊन साडीच्या काठाची नक्षी करायची आणि संध्याकाळी घरी स्वतःचं चित्र. रेड्डप्पा नायडूही याच केंद्रांत होते. आपले प्रभाकर बरवेही होते. बरवे म्हणजे ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे. चित्राकडे पाहायचं कसं याबद्दल मराठीतून वाचावंसं वाटलं तर मी त्याच पुस्तकाचं नाव सांगेन.

आता मुख्य गोष्ट : अंबादास काढायचे काय?

त्याचं उत्तर त्या दुसरीतल्या मुलीने देऊन ठेवलं आहे. रंग.

त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. वर आभाळ आणि खाली जमीन अशी विभागणीही नाही, म्हणून चित्र कुठून बघायला लागावं हे कळत नाही. रुंद ब्रशचे फराटे एकमेकांवरून, एकमेकांखालून जातात, वळतात, गाठ पडल्यासारखे आवळतात आणि पुन्हा सुटतात. प्रत्येक फराट्याच्या आत बारीक बारीक रेषा दिसतात, दोरीतला एकेक तंतू दिसावा तशा. आपल्या सुवालीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागल्यावर गेला असाल तर पाणी उतरताना चिखलात ज्या वळणावळणाच्या वाटा उरतात, त्या आठवतात. पण हे माझं आठवणं झालं. त्यांनी सुवाली काढलेली नाही, कुठलाच किनारा काढलेला नाही. चित्र ज्या फराट्यांचं आहे, ते फराटे हाच त्याचा विषय.

याला अमूर्त चित्रकला म्हणतात. हा शब्द आपल्याला परका वाटायचं कारण नाही. सगुण आणि निर्गुण हे शब्द आपल्या घरात आजीच्या तोंडी असतात. कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठोबा चालतो आणि ज्याला रूप नाही, रंग नाही असाही देव चालतो. देवाच्या बाबतीत आपण इतके मोकळे आहोत. कागदाच्या बाबतीत मात्र लगेच विचारतो, हे काय आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनेक चित्रकारांनी अशीच वाट धरली. इटलीचे अल्बेर्तो बुर्री मूळचे डॉक्टर. सैन्यात होते, १९४३ साली ट्युनिशियात पकडले गेले आणि अमेरिकेत टेक्सासमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत रवाना झाले. तिथे त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली. घरी परतल्यावर डॉक्टरकी सोडली आणि फाटकी गोणपाटं शिवून, ठिगळं लावून त्यांची चित्रं केली. पुढे लाकूड आणि प्लास्टिक जाळून केली. ज्याने जखमा शिवल्या होत्या तो आता गोणपाट शिवत होता. ते पाहताना ‘हे कशाचं चित्र’ असं विचारावंसं वाटत नाही. फ्रान्सच्या पिएर सुलाज यांनी अक्रोडाच्या सालीचा तपकिरी रंग आणि घरं रंगवणाऱ्यांचे रुंद ब्रश घेतले आणि पुढे आयुष्यभर मुख्यतः काळा रंग लावला. १०२ वर्षं जगले. ज्यांच्या डोळ्यांदेखत शहरं बेचिराख झाली, त्या पिढीतल्या काहींना सुबक देखावे काढणं जमेना, हे समजण्यासारखं आहे.

मग आपल्याकडच्यांनी युरोपची नक्कल केली का? हा आक्षेप तेव्हाही होता आणि भावनगरच्या मंडळींनी त्याला आधीच उत्तर दिलं होतं. स्वामिनाथन यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्यात रविवर्म्याची हुबेहूब चित्रं, बंगाली शैलीतला गोडवा आणि युरोपीय आधुनिकतेची उसनवारी या तिन्हींना एकाच दमात नकार आहे. चित्र म्हणजे खऱ्या जगाची प्रत नाही आणि त्या जगापासून पळवाटही नाही, ते स्वतःच एक नवी खरी गोष्ट आहे, असा त्या जाहीरनाम्याचा गाभा.

हे वाचताना मी इंजिनिअर म्हणून थबकलो. आपण घराचा नकाशा पाहतो तेव्हा तो घराचा असतो. पण घर कशाचं असतं? घर घरच असतं. त्या मंडळींना चित्र नकाशासारखं नको होतं, घरासारखं हवं होतं.

आणि त्यांची सामग्री पाहा. जेराम पटेलांनी प्लायवूडवर ब्लोटॉर्च चालवला. लाकूड जळून जे काळं, खोल उरलं ते त्यांचं चित्र. हिंमत शाहांनी कागद जाळून कोलाज केले. राघव कनेरियांनी लोखंडी भंगार वेल्डिंगने जोडून शिल्पं केली. हजीऱ्यात राहणाऱ्या आपल्याला ही हत्यारं नवी नाहीत. आपल्यापैकी निम्म्या घरांत कुणी ना कुणी वेल्डिंग, गॅस कटिंग, प्लेट, पाइप यांच्यातच रोजी कमावतं. फक्त त्यांतून चित्र निघू शकतं हे आपल्या गावी नव्हतं.

१९६३ सालच्या ऑक्टोबरात दिल्लीत रवींद्र भवनात ग्रुप १८९०चं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले. प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली ऑक्टाव्हिओ पाझ यांनी. ते तेव्हा मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते. पुढे १९९० साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. इतकी जोरदार सुरुवात झाल्यावर दुसरं प्रदर्शन आणखी मोठं व्हायला हवं होतं. ते झालंच नाही. तेच पहिलं, तेच शेवटचं. बाराजण आपापल्या दिशांना गेले.

अंबादास सर्वांत लांब गेले. १९७२ साली, वयाच्या पन्नाशीत, ते नॉर्वेला गेले आणि ऑस्लोत स्थायिक झाले. पत्नी नॉर्वेची. गंमत म्हणजे बाराजणांतले एरिक बोवेनही पुढे नॉर्वेतच राहिले. ऑस्लोत डिसेंबर महिन्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. अकोल्याच्या उन्हातला माणूस पन्नाशीनंतर अशा ठिकाणी संसार मांडतो आणि पुढची चाळीस वर्षं तिथे चित्रं काढतो. २०१२ साली वयाच्या नव्वदीत ते तिथेच वारले.

पन्नास वर्षं इथे, चाळीस वर्षं तिथे. मग अंबादास कुठले? हा प्रश्न मला टोचला, कारण तो माझाही आहे. माझा जन्म सुरतेचा. नाना, म्हणजे माझे वडील, अमळनेरकडून इथे आले ते १९८०च्या दशकात. शाळेत मी ‘महाराष्ट्रीयन’, गावी गेलो की ‘सुरतवाला’. माझी मुलगी घरात मराठी, खेळायला गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलते. तिला कुणी ‘तू कुठली?’ असं विचारलं की ती जरा थांबते. तुमच्याही घरात हे होत असणार. अंबादासांच्या चित्रात अकोला शोधलं तर सापडत नाही आणि ऑस्लोही सापडत नाही. पण फराटा भारतात सुरू झाला तो तिकडे गेल्यावर तुटला नाही. देश बदलला, भाषा बदलली, थंडीने हात गारठले असतील, तरी त्यांनी नॉर्वेतले बर्फाचे डोंगर काढले नाहीत आणि आठवण येते म्हणून अकोल्याची बैलगाडीही काढली नाही. जे करत होते तेच आणखी खोलात जाऊन करत राहिले.

यापेक्षा सोपी वाट नव्हती असं नाही. परदेशात बसून ‘भारतीय’ दिसणारी चित्रं काढली असती तर गिऱ्हाईक मिळालं असतं. गिऱ्हाइकाचा विषय निघालाच आहे तर वासुदेव गायतोंडेंबद्दल सांगतो, कारण अमूर्त म्हटलं की हल्ली त्यांचंच नाव निघतं आणि ते योग्यच आहे. मूळ गोव्याचं घराणं, जन्म नागपूरचा १९२४ सालचा, वाढले गिरगावात, जे. जे.ची पदविका १९४८ची. रोलर आणि चाकूने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाला मोजकीच चित्रं. स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. ते २००१ साली गेले. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. हयातीत ते शांतपणे, साधेपणाने राहिले. अंबादासांच्या नावाला आजही ते वलय नाही. दोघांची पिढी एक, शाळा एक. पण एकाचं नाव आपल्या कानावर आलं ते बहुतेक त्या कोटींमुळे, चित्रांमुळे नव्हे. निदान माझ्या कानावर तरी तसंच आलं.

आता नानांची गोष्ट.

नानांनी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये हयात घालवली. डाइंग मास्टर म्हणून निवृत्त झाले. ते उधन्याला राहतात, रविवारी आमच्याकडे येतात. बोटीवरून आल्यानंतरच्या एका रविवारी मी लॅपटॉपवर अंबादासांचं एक चित्र मोठं करून त्यांच्यासमोर ठेवलं. मनातून मला वाटत होतं की ते विचारतील, “हे काय आहे?” मग मी सगुण-निर्गुण वगैरे सांगणार, असा माझा बेत होता.

नानांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, “हा पट्टा ओला होता, तेव्हाच हा दुसरा मारलाय. वाळल्यावर मारला असता तर कडा अशी फुटली नसती.” बोट पुढे सरकलं. “इथं रंग पातळ झालाय. इथं हात दाबलाय. इथं हात उचललाय बघ. आणि इथून परत आलाय.” दहा मिनिटं ते त्या फराट्यांवरून बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, “घाई नाही केली या माणसाने. घाई केली असती तर सगळं मिळून चिखल झाला असता.”

हे काय आहे, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी पाहिलं ते हे कसं झालं असेल. कापडावर रंग कसा चढतो, कसा पळतो, दोन रंग ओले असताना भेटले तर काय होतं, हे पाहण्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली होती. अंबादासांनी विणकर सेवा केंद्रात काम केलं होतं, हे मी त्यांना नंतर सांगितलं. ते नुसतं “असेलच” म्हणाले, जणू ते चित्रात लिहिलेलंच होतं.

त्या दिवशी मला दोन गोष्टी उमगल्या. पहिली, की माझ्या वडिलांना काय येतं हे मला छत्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ‘वडील काय करतात?’ या रकान्यात मी कायम ‘नोकरी’ एवढंच भरत आलो. शेड जुळवणं म्हणजे नेमकं काय, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही. आता विचारतो. रविवारी तासभर तरी जातो त्यात. जुन्या शेडचे नंबर त्यांना अजून पाठ आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या दुसरीतल्या मुलीचा कागद. ‘कशाचं चित्र आहे?’ असं मी विचारलं, तेव्हा ते चित्र माझ्यासमोर होतं आणि मी ते पाहिलंच नव्हतं. एका नावाची वाट पाहत बसलो होतो. नाव मिळालं असतं, तिने ‘होळी’ असं म्हटलं असतं, तर मी त्याच कागदाला ४०पैकी ३० दिले असते. कागदावरचा रंग तोच, तिचा हात तोच. फक्त माझी सोय झाली असती.

चुकीचं उत्तर दिलं म्हणून मूल फारसं खचत नाही. त्याने जे केलं ते कुणी पाहिलंच नाही म्हटल्यावर ते खचतं. तो कागद उलटा ठेवताना तिने आवाजही केला नव्हता.

म्हणून यंदा काही बदल केले आहेत. कार्यकारिणीने मान्यता दिली आहे, त्यामुळे हे जाहीर करायला हरकत नाही. बालचित्रकला स्पर्धेत नेहमीच्या गटांबरोबर ‘विषय नाही’ असा एक गट राहील. त्यात गुण नाहीत, क्रमांक नाहीत. चित्रं मंडपात लावली जातील आणि ज्याला पाहायचं तो पाहील. माझ्या शीटमधला ४० गुणांचा रकाना या गटापुरता काढून टाकला आहे. (सूत्र बिघडलं नाही. तपासलंय.) परीक्षकाच्या जागी नाना बसणार आहेत, पण परीक्षा घ्यायला नव्हे. मुलांनी रंग कसा लावला हे ते मुलांनाच विचारणार आहेत.

घरी करून पाहण्यासारखंही काही सांगतो. रविवारी मुलांना मांडीवर घ्या आणि अंबादासांचं किंवा गायतोंडेंचं एक चित्र स्क्रीनवर मोठं करा. तीन मिनिटं कुणीच बोलायचं नाही, असं ठरवा. मोबाइलवर वेळ लावा, कारण पहिल्यांदा तीन मिनिटं फार लांब वाटतात. मग ‘काय दिसतं?’ असं न विचारता ‘हात कुठून सुरू झाला असेल?’ असं विचारा. ‘कुठे थांबला असेल?’ असं विचारा. मुलं जे सांगतात ते ऐकून थक्क व्हाल. आमच्या कन्येने अंबादासांच्या एका फराट्याकडे बोट दाखवून “इथे त्यांना शिंक आली” असं सांगितलं. नानांनी ते गंभीरपणे तपासलं आणि शक्य आहे म्हणाले.

मी स्वतः अंबादासांच्या मूळ कॅनव्हाससमोर अजून उभा राहिलेलो नाही. स्क्रीनवर रंग कळतो, पण रंगाची जाडी कळत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं काम आहे, कधी तरी नानांना घेऊन जायचं आहे. त्यांना कडा जवळून पाहायच्या आहेत.

राहता राहिली ती मुलगी. परवा नोंदणीची यादी घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. आईने चहा टाकला. मी तिला म्हटलं, “गेल्या वर्षी तुझं चित्र मी नीट बघितलं नव्हतं. सुरुवात कुठून केली होतीस?” ती म्हणाली, “आठवत नाही.” मी म्हटलं, “बरं.” चहा संपवून चपला घालत होतो, तेव्हा मागून आवाज आला, “खालच्या कोपऱ्यातून. तिथे तपकिरी होता.”

नाव अजून दिलेलं नाही तिने. नोंदणी पंधरवडाभर सुरू आहे.

भेटूया पुढच्या अंकात.